चोक चेन, प्राँग, ई-कॉलर: वापरायचेच असतील तर कसे, आणि कधी अजिबात नाहीत?

चौथा_मजला
दीड वर्षाची लॅब्रेडॉर मादी, ३२ किलो. 'बस', 'थांब', 'ये' घरात व्यवस्थित करते. लिफ्टचं दार उघडलं की मात्र गेटपर्यंत माणसाला फरफटत नेते. सकाळी फिरवायला एक मुलगा येतो, संध्याकाळी ६८ वर्षांच्या सासूबाई नेतात. सध्या साधा नायलॉनचा पट्टा आहे. दुकानदार प्राँग (आतून काटे असलेला धातूचा पट्टा) सुचवतो, ट्रेनर चोक चेन (ओढल्यावर आवळणारी साखळी) म्हणतात, ऑनलाइन रिमोटवाला शॉक कॉलर (ई-कॉलर, विजेचा झटका देणारा पट्टा) स्वस्तात मिळतो.
मला हे हवंय: या तिन्हींत फरक काय, नीट बसवायची पद्धत काय, आणि कुठल्या कुत्र्याला हे लावूच नये. "क्रूर आहे" आणि "आम्ही वर्षानुवर्षं वापरतो" यापलीकडचं लिहा, ही विनंती.

रानवेडी
तिन्ही नकोत. समोर छातीवर रिंग असलेला हार्नेस (मानेऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा) घ्या आणि सैल लीशवर (हातातल्या दोरीवर) चालायला शिकवा. लॅबला खाऊ प्रिय, त्यामुळे अर्धं काम आधीच झालंय :)

निंबोणी
वाचतेय. आमच्या सोसायटीत निम्म्या कुत्र्यांच्या गळ्यात चोवीस तास चोक चेन असते, त्यावरही कुणीतरी लिहा.

दोरीसैल
सविस्तर लिहितो, कारण 'कोणता पट्टा' याच्या आधीची पायरीच बहुतेक ठिकाणी गाळलेली असते.

हे सगळे पट्टे एकाच तत्त्वावर चालतात. ताण आला की त्रास, ताण गेला की सुटका. कुत्रा शिकतो तो सुटकेच्या क्षणी. ताण कसा बंद करायचा हेच त्याला माहीत नसेल, तर कुठलाही पट्टा म्हणजे नुसता त्रास. म्हणून आधी साध्या पट्ट्यावर, घरात, हे शिकवायचं:

लीश एका बाजूला दोन बोटांनी हलकेच ताणायची. इतकी हलकी की कुत्र्याची मान हलूही नये. तसंच धरून थांबायचं. बोलायचं नाही, ताण वाढवायचा नाही. कुत्रं त्या दिशेला जरासं झुकलं, नुसतं वजन जरी सरकवलं, की लीश त्याच क्षणी सैल आणि तोंडात खाऊ. चार-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. डावीकडे, उजवीकडे, मागे, पुढे, सगळ्या दिशांना. मग हेच पॅसेजमध्ये, मग पार्किंगमध्ये. ही पायरी पक्की झाली की बऱ्याच कुत्र्यांना पुढच्या कुठल्याच पट्ट्याची गरज उरत नाही.

ही पायरी न घेता थेट चोक चेन घातली की काय होतं ते रस्त्यावर रोज दिसतं. कुत्रं घोरल्यासारखा आवाज करत ओढतच राहतं. सतत ताण असल्यामुळे सुटका कधी येतच नाही, मान सरावते, आणि मालक आणखी जाड चेन आणतो.

गच्चीवरचा_वारा
@दोरीसैल, माहितीपूर्ण प्रतिसाद. चोक चेन उलटी घातली जाते असं ऐकलंय. ते काय असतं?

दोरीसैल
चेनला दोन रिंगा असतात. एक सरकती, तिला लीश लागते. दुसरी स्थिर, तिच्यातून चेन सरकते. कुत्रा तुमच्या डाव्या हाताला चालत असेल, तर त्याच्या समोर उभं राहून चेन इंग्रजी 'पी' अक्षरासारखी धरायची आणि तशीच डोक्यावरून घालायची. बरोबर बसली असेल तर लीशकडची चेन स्थिर रिंगेतून निघून मानेच्या वरून जाते आणि स्थिर रिंगेची बाजू गळ्याखालून येते. लीश सोडली की रिंग स्वतःच्या वजनाने खाली घसरते आणि फास उघडतो.

उलटी घातली तर ओढल्यावर आवळते, पण सोडल्यावर आवळलेलीच राहते. तपासायला दोन सेकंद लागतात: हलकेच ओढा, सोडा. रिंग आपोआप पडली नाही तर काढून पुन्हा घाला. कुत्रा उजवीकडे चालवणार असाल तर सगळं आरशातल्यासारखं उलट.

माप: डोक्याचा सगळ्यात रुंद घेर (कानांपुढून, हनुवटीखालून) मोजून त्यात साधारण ५ सेंमी मिळवा. त्याहून लांब चेन घेतली की ती मानेच्या बुडाशी, खांद्यांजवळ घसरते. तिथे कुत्र्याची ताकद सगळ्यात जास्त आणि तुमचा इशारा सगळ्यात बोथट. चेनची जागा कानांच्या मागे, जबड्याच्या लगत. कड्या बारीक आणि सपाट वळवलेल्या हव्यात. मोठ्या कड्यांची चेन अडकत सरकते आणि केस तोडते.

झटका म्हणजे मनगटाची छोटी हालचाल, बाजूला, आणि लगेच सैल. वर उचलायचं नाही, मागे खेचत राहायचं नाही. चुकीनंतर एका सेकंदाच्या आत व्हायला हवा, नाहीतर कुत्रं त्याचा संबंध भलत्याच गोष्टीशी लावतं. सलग तीन झटक्यांनी वागणं बदललं नाही तर चौथा द्यायचा नाही. प्रसंग त्या कुत्र्याला झेपत नाहीये, अंतर वाढवा.

पशुवैद्य_क
वरची पद्धत बरोबर आहे. तरी वैद्यकीय बाजू आधी पाहा, कारण काही कुत्र्यांच्या मानेवर ताणच नको.

पॉमेरेनियन, स्पिट्झ, यॉर्कशायर, शिह त्झू: श्वासनळीच्या कड्या मऊ पडून नळी चपटी होण्याचा आजार या लहान जातींत जास्त. उत्साहात बदकासारखा कोरडा खोकला आला की गळ्यातला पट्टा बंद, फक्त हार्नेस.
पग, फ्रेंच बुलडॉग: श्वास मुळातच अपुरा. शिवाय डोळे उथळ खोबणीत असतात. मान आवळली की डोळ्यातला दाब वाढतो. २००६ च्या एका अभ्यासात हे मोजलं गेलं: गळ्यातल्या पट्ट्याने ओढलं की दाब वाढला, हार्नेसने वाढला नाही. काचबिंदू, बुबुळावरची जखम किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया असेल तर हे पक्कं लक्षात ठेवा.
डॅशहंड, बीगल: मणक्यांच्या चकतीचा त्रास.
सहा महिन्यांखालचं पिल्लू, कुठल्याही जातीचं: नाही.

आणि साधा पट्टा निरुपद्रवी असतो असंही समजू नका. २०२० मध्ये 'व्हेटर्नरी रेकॉर्ड'मध्ये आलेल्या अभ्यासात मानेच्या नमुन्यावर रुंद, मऊ अस्तराचे पट्टेसुद्धा ओढून पाहिले होते. ओढ लागल्यावर धोका नाही इतका कमी दाब देणारा एकही पट्टा सापडला नाही. म्हणजे चौथा_मजला, तुमची लॅब आत्ता साध्या पट्ट्यावर रोज ओढतेय, तेही मानेला चांगलं नाही. ओढणं थांबवणं हाच उपाय.

कारवान_माणदेश
कारवानी (मुधोळ) आणि पश्मी पाळणाऱ्यांसाठी वेगळं लिहितो. सांगली, सोलापूर, कोल्हापूरकडे ही कुत्री पुष्कळ. यांची मान डोक्यापेक्षा रुंद, त्यामुळे साधा पट्टा मागे हटताना सरळ निघून येतो आणि कुत्रं सुसाट पळतं. म्हणून लोक चोक चेन घालतात. चूक! कातडी पातळ, चरबी जवळजवळ नाही, कारवानीचे केसही आखूड. चेन थेट कातडीला घासते.

यांना मार्टिंगेल घाला. दोन भाग असतात, मोठा पट्टा आणि छोटं कडं. ओढल्यावर ठरावीक इतकाच आवळतो. माप असं लावायचं की पूर्ण आवळल्यावर मोठ्या पट्ट्याच्या दोन्ही रिंगांमध्ये दोन बोटांचं अंतर उरेल. रिंगा एकमेकींना टेकल्या तर पट्टा सैल आहे, डोकं निसटेल. रुंदी ४ ते ५ सेंमी, आतून मऊ कापड. याचा उपयोग निसटू नये एवढाच, शिक्षेसाठी नाही. झटका तर या जातीला अजिबात नको. ही कुत्री मनाने हळवी, दोन झटक्यांत माणसापासून लांब राहायला लागतात.

निंबोणी
मार्टिंगेल नेहमी घातलेला चालतो का?

कारवान_माणदेश
नाही. कुठेतरी अडकला तर आवळतो. घरात साधा पट्टा किंवा मोकळी मान.

जकातनाका
मी प्राँगच्या बाजूने लिहितो. दिसायला भयानक, पण टोकं बोथट असतात आणि दाब मानेभोवती वाटला जातो. एका बाजूने श्वासनळीवर येत नाही. ३२ किलोचं कुत्रं आणि ६८ वर्षांच्या बाई. त्या पडून खुब्याचं हाड मोडलं तर? हार्नेसवर तर कुत्रं बैलासारखं ओढतं.

राईनकाठ
इथे जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून प्रशिक्षणात काटेरी पट्टे आणि वेदना देणारी इतर साधनं वापरायला बंदी आहे. विजेचा पट्टा त्याआधीपासूनच बंद. गंमत म्हणजे जगभर नावाजलेले प्राँग बनवणारी हर्म श्प्रेंगर कंपनी इथलीच, इझरलोन गावची. बंदीनंतर पोलिसांच्या श्वानपथकांनाही पद्धत बदलावी लागली. वेल्समध्ये विजेच्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे.

दोरीसैल
@जकातनाका, दाब वाटला जातो हे खरं, पण पट्टा नीट बसलेला असेल तरच. आपल्याकडे दिसणाऱ्या दहांतले बरेच प्राँग माळेसारखे लोंबत असतात. लोंबता प्राँग दोन-तीन काट्यांवरच टेकतो आणि तिथे टोचतो.

वापरणारे वापरणारच, म्हणून निदान एवढं पाळा:

काट्याच्या तारेची जाडी २.२५ मिमी. मोठ्या कुत्र्याला ४ मिमी लागते हा गैरसमज आहे. बारीक तारेत कड्या जास्त बसतात आणि दाब पसरतो. स्वस्त नकलेत तारेची टोकं नुसती कापून सोडलेली असतात. प्रत्येक टोकावरून बोट फिरवा, एक जरी टोक खरखरलं तरी तो पट्टा घेऊ नका.

घालताना डोक्यावरून ओढून घालायचा नाही. एक कडी दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून उघडायची, मानेभोवती गुंडाळायचा, कडी पुन्हा बसवायची. जागा कानांच्या लगेच मागे. सपाट पट्टी गळ्यासमोर, श्वासनळीवर, म्हणजे तिथे काटे येत नाहीत. कड्या काढून माप असं लावा की टोकं कातडीला टेकतील, रुतणार नाहीत, आणि पट्टा फिरवला तरी खाली घसरणार नाही.

कड्या चालता चालता सुटतात. म्हणून साध्या पट्ट्याला जोडणारी दुसरी छोटी दोरी किंवा कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) हवाच. नाहीतर भर रस्त्यात कुत्रं मोकळं.

झटका द्यायचा नाही. कुत्रं पुढे गेलं की त्याच्याच ओढीने दाब येतो, परत आलं की जातो. लांब दोरी, आपोआप गुंडाळणारी लीश आणि खांबाला बांधणं, तिन्ही प्राँगबरोबर वर्ज्य. फिरणं संपलं की पट्टा काढायचा.

आणि आता सासूबाईंबद्दल. नेमकं त्यांच्याच हातात प्राँग नको. तोल गेला तर पडणाऱ्या माणसाचं सगळं वजन त्या काट्यांवर येतं आणि ताण वेळेवर सोडणंही जमत नाही. हे साधन ज्याचा हात चपळ आहे त्याच्यासाठीच आहे, आणि त्या माणसाला बहुतेकदा त्याची गरज नसते.

रानवेडी
शेवटचं वाक्य चौकटीत टाकून ठेवावं असं.
एक भर: भीतीने किंवा दुसरं कुत्रं दिसल्यावर भुंकणाऱ्या, झेपावणाऱ्या कुत्र्याला यातलं काहीच लावू नका. त्याच्या डोक्यात हिशोब असा बसतो: समोर कुत्रं आलं की मान दुखते. म्हणजे समोरचं कुत्रं वाईट. पुढच्या वेळी ते आणखी लांबूनच भुंकतं. किंवा त्याहून वाईट, गुरगुरणं बंद होतं, पण राग तसाच राहतो आणि इशारा न देता चावतं. गणपतीतले ढोल, दिवाळीचे फटाके यांनी घाबरलेल्या कुत्र्याला झटका देणाऱ्यांना तर हात जोडून विनंती आहे, नका करू हे.

गच्चीवरचा_वारा
ई-कॉलरबद्दल अजून कुणी लिहिलं नाही.

दोरीसैल
ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला तर घेऊच नका. रिमोटवर १ ते १०० आकडे असतात, पण पायऱ्या सारख्या नसतात. १५ ला काहीच जाणवत नाही आणि १८ ला कुत्रं किंचाळतं. केस ओले असताना आणि कोरडे असताना तोच आकडा वेगळा लागतो, म्हणजे पावसाळ्यात अंदाज संपलाच. कातडीला टेकणारी धातूची टोकं सैल असली तर झटका कधी बसतो, कधी नाही, मग लोक आकडा वाढवतात आणि पुढचा झटका पूर्ण ताकदीने बसतो.

भुंकण्यावर आपोआप चालणारे त्याहून घातक. काही नुसत्या आवाजावर चालतात, शेजारचं कुत्रं भुंकलं तरी शिक्षा यालाच. कुठलं वागणं चुकलं हे कुत्र्याला कळण्याचा मार्गच नाही.

जाणकार लोक वापरतात तेव्हा आधी बोलावणं लांब दोरीवर पक्कं करतात, मग कुत्र्याचा कान जेमतेम हलेल इतकी कमीत कमी पातळी शोधतात, आणि आधी स्वतःच्या हातावर लावून पाहतात. तरीही फायदा किती? लिंकन विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६३ कुत्र्यांना तीन प्रकारे शिकवलं होतं. बोलावल्यावर येण्यात ई-कॉलरचा गट खाऊ देऊन शिकवलेल्या गटापेक्षा सरस ठरला नाही. मग जोखीम कशासाठी घ्यायची?

पशुवैद्य_क
यात भर: धातूची टोकं एकाच जागी तासन् तास दाबून राहिली तर कातडी मरते. झटका न देतासुद्धा. लोक याला भाजल्याची जखम समजतात, पण बऱ्याचदा ती दाबाची असते. म्हणून एक-दोन तासांनी जागा बदलायची, आणि दिवसभर किंवा रात्री कधीच नाही.

पावसाळ्यात कुठल्याही पट्ट्याखाली पाहत जा. लॅब आणि जर्मन शेफर्डच्या दाट केसांत ओल साठते, दोन दिवसांत ओलसर, लाल, चिकट चट्टा पडतो. गोचिड्याही तिथेच लपतात. पट्टा रात्री काढा, मान कोरडी करा, नायलॉन वाळल्याशिवाय घालू नका. चोक चेनचा मुलामा उडाला की केस काळे पडतात, गंज दिसला की टाकून द्या.

मुक्काम_पोस्ट
अवांतर: @निंबोणी यांचा प्रश्न राहिला. गेटला चोक चेनने बांधलेलं कुत्रं उडी मारून भिंतीपलीकडे गेलं किंवा चेन ग्रिलमध्ये अडकली तर फास सुटत नाही. जीव जातो. बांधायचंच असेल तर साधा रुंद पट्टा, मध्ये फिरती कडी, आणि सावलीपर्यंत व पाण्यापर्यंत पोहोचेल इतकी लांबी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. सतत बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं हाही. कलमात लिहिलेला पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये, त्यामुळे धाक शून्य. पण सोसायटीच्या सभेत कलम वाचून दाखवलं की लोक ऐकतात.

निंबोणी
धन्यवाद! पुढच्या सभेला छापून नेते.

जकातनाका
@दोरीसैल, पडणाऱ्या माणसाचा मुद्दा पटला. पण हार्नेसवर जास्त ओढतात हेही खरंच ना?

रानवेडी
पाठीवर रिंग असलेल्या हार्नेसवर, हो. तिथे छातीचा पूर्ण जोर लागतो. छातीवर रिंग असेल तर ओढलं की कुत्रं बाजूला वळतं आणि जोर तुटतो. पुढून पाहिल्यावर पट्ट्या इंग्रजी 'वाय'सारख्या हव्यात. खांद्यांवरून आडवी जाणारी पट्टी चाल अडवते.

चौथा_मजला
सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे तिन्ही रद्द. आता एवढंच सांगा: लिफ्ट ते गेट या टप्प्याचं नेमकं काय करू? आणि फिरवणाऱ्या मुलाचं?

दोरीसैल
फिरवणारा जर ओढू देत असेल तर बाकी सगळ्यांची मेहनत वाया. त्याला अर्धा तास शेजारी उभं करून दाखवा: लीश ताणली की पाय थांबले. तोवर सकाळच्या फिरण्याचं अंतर निम्मं केलं तरी चालेल.

सामान: छातीवर आणि पाठीवर दोन्ही रिंगा असलेला हार्नेस, दोन्ही टोकांना हुक असलेली दोन मीटरची लीश. एक हुक पुढे, एक मागे. प्रत्येक पट्टीखाली दोन बोटं जावीत, काखेत घासतंय का ते रोज पाहा. खाऊ हरभऱ्याच्या डाळीएवढा: उकडलेलं चिकन किंवा पनीर. बेदाणे, मनुका कधीच नाहीत, विषारी असतात. रोजच्या जेवणातला तिसरा हिस्सा यासाठी वळता करा, लॅब फार पटकन जाड होते.

पहिला टप्पा घराचं दार. दाराशी बसवा, दार चार बोटं उघडा. उठली तर बंद. बसून राहिली तर खाऊ, आणखी उघडा. दहांतून आठ वेळा जमलं की पॅसेज. मग लिफ्टसमोर, दुपारी वर्दळ नसताना. लिफ्ट आली, दार उघडलं, ती बसलेली, खाऊ, आणि लिफ्ट जाऊ द्या. लिफ्ट आली म्हणजे सुटायचं, ही सवय इथेच मोडते. ती शांत राहिली तरच आत.

पार्किंगमध्ये दहा पावलं चाला. खाऊ तुमच्या डाव्या पायाच्या शिवणीशी द्या, पुढे हात करून नाही, नाहीतर ती पुढेच चालायला शिकेल. लीश ताणली की जागच्या जागी थांबा. ती वळून पाहील, लीश सैल होईल, तेव्हाच पुन्हा पाऊल. दोनदा थांबून जमत नसेल तर उलट दिशेला वळा. गेट हे तिचं बक्षीस आहे, ताणलेल्या लीशवर गेट कधीच मिळता कामा नये. सुरुवातीला गेटपर्यंत पोहोचायला वीस मिनिटं लागली तरी लागू द्या.

पशुवैद्य_क
सासूबाईंनी लीशचा फास मनगटात अडकवायचा नाही, बोटांभोवती गुंडाळायचीही नाही. अंगठ्यातून घेऊन मुठीत धरायची आणि हात पोटाशी. ओढ आलीच तर सोडून देता आली पाहिजे. पहिले तीन-चार आठवडे त्यांनी फक्त घरातला आणि पॅसेजमधला सराव घ्यावा, रस्त्यावर नको.

कारवान_माणदेश
हार्नेस मागवताना वजनावरून माप घेऊ नका. पुढच्या पायांच्या मागे, छातीचा सगळ्यात रुंद घेर टेपने मोजा, कुत्रं उभं असताना. दोन मापांच्या मधे आली तर मोठं घ्या आणि पट्ट्या आवळा.

चौथा_मजला
मोजलं, ७६ सेंमी. मागवते. दाराचा सराव आज रात्रीपासून.